सह्याद्रीतला नवा खेकडा : सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत

मृगाच्या दोन-चार दणदणीत सरी कोसळल्या की रायगड-ठाण्याकडे खाचरांच्या बांधांतून आणि ओढ्याकाठच्या बिळांतून मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, बाहेर पडतात. रात्री बॅटरी घेऊन ते धरायला जाणारी माणसं त्या पट्ट्यात वाडी-वाडीवर भेटतात. कुठल्या पऱ्यातला मुठा काळपट, कुठल्या सड्यावरचा तांबडा, कोणता बांध पोखरतो आणि कोणता दगडाखालीच दडून राहतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. शास्त्राच्या वहीत मात्र यातलं फार थोडं उतरलंय. २०१६ साली समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि शुभम खैरे यांनी एकाच शोधनिबंधात सह्याद्रीतल्या खेकड्यांच्या पाच नव्या प्रजाती मांडल्या. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या यल्लापूर भागातून पांढऱ्या अंगाचा आणि लालसर जांभळ्या पायांचा घाटियाना द्विवर्णा जगापुढे आला. असे खेकडे अजूनही निघताहेत, आणि त्यांतले पुष्कळसे आधी गावकऱ्यांच्या, भटक्यांच्या किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या नजरेला पडतात.

पावसाळा आला की मोबाइलवर फोटो येऊ लागतात. 'हा नवीन आहे का?' फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही. नवी प्रजाती ओढ्यात सापडत नाही. ओढ्यात फक्त खेकडा सापडतो. तो नवा आहे हे बाटली, सूक्ष्मदर्शक आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कागद यांच्या साथीने सिद्ध करावं लागतं. हे काम प्राणिशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी, तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक किंवा चिकाटीचा निसर्गप्रेमी जाणत्या माणसाच्या सोबतीने नक्की करू शकतो. ते कसं, ते सविस्तर सांगतो.

एवढ्या प्रजाती का, हे आधी समजून घ्या

समुद्रातली चिंबोरी लाखांनी अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या पाण्याबरोबर वाहत दूरदूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याची मादी थोडी आणि मोठी अंडी घालते, अळीच्या सगळ्या अवस्था अंड्यातच उरकतात आणि बाहेर पडतो तो थेट इवलासा खेकडा. पावसाळ्यात एखाद्या मादीच्या पोटाखालची झडप हलकेच उचलून पाहिलीत तर ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं एकमेकांना बिलगून बसलेली दिसतील. आठ पाय, दोन नांग्या, सगळं जिथल्या तिथे. काही दिवस आईपाशी काढून ती त्याच ओढ्याच्या काठी पांगतात.

म्हणजे या जनावराला फार दूर जाताच येत नाही. दोन सड्यांच्या मधे खोल दरी असली, तर अलीकडचे आणि पलीकडचे खेकडे हजारो पिढ्या एकमेकांना भेटत नाहीत आणि हळूहळू वेगळे होत जातात. त्यामुळे खेकडा नेमका कुठे सापडला, ही त्याची अर्धी ओळख असते. पुढच्या प्रत्येक पायरीवर ही गोष्ट परत परत येणार आहे.

जुनी नावं आधी, नवा खेकडा नंतर

बहुतेक जण आधी खेकडा पकडतात आणि मग पुस्तकं शोधतात. क्रम उलटा करा. आपल्या भागातून आजवर कोणकोणती नावं दिली गेली, त्याची यादी हातात नसताना 'नवा' या शब्दाला अर्थच उरत नाही.

आपली यादी बरीच मागे जाते. कर्नल साइक्स यांनी दख्खनमधल्या खेकड्यांवर लिहिलेलं टिपण १८३६ साली लंडनमध्ये छापलं गेलं आणि त्यात वेस्टवुड यांनी एका खेकड्याला थेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस असं नाव दिलं. क्युनिक्युलॅरिस म्हणजे बिळं खणणारा. आज त्याला बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आपल्याला भेटणारा मोठा खेकडा पुष्कळदा हाच असतो. १८५३ मध्ये मिल्न एडवर्ड्स यांनी बॅरिटेल्फ्यूसा गेरिनी ही प्रजाती मांडली. १९०९-१० मध्ये आल्फ्रेड अल्कॉक यांनी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या खेकड्यांची मोठी सूची केली. १९७० साली जर्मन अभ्यासक रिचर्ड बॉट यांनी नराच्या जननेंद्रियांवर भर देत अनेक नव्या जाती (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचे गट) पाडल्या. २००७ मध्ये बाहिर आणि यो यांनी दक्षिण भारतातल्या गेकार्सिन्युसिडी या खेकड्यांच्या कुळाची पुन्हा झाडाझडती घेतली. २०१४ मध्ये पाती आणि शर्मा यांनी घाटियाना ही जात उभी केली, आणि तिथून पुढचा ओघ अजून चालू आहे.

यातलं प्रत्येक मूळ वर्णन मिळवा. जुने खंड आता इंटरनेटवरच्या ग्रंथालयांत फुकट वाचायला मिळतात. एक वही घाला आणि प्रत्येक प्रजातीसाठी एक पान ठेवा: मूळ नाव, आजचं नाव, मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे, तो कुठून आणला होता, नर होता की मादी, केवढा होता. ठिकाणाच्या ओळीपाशी तुम्ही अडखळाल. जुन्या वर्णनांत 'दख्खन', 'मुंबई' एवढंच लिहिलेलं असतं. त्या काळी 'मुंबई' म्हणजे शहर की इलाखा, हेही पुष्कळदा कळत नाही. अशा एका धूसर शब्दामुळे पुढच्या दीडशे वर्षांचे अभ्यासक चाचपडत राहतात. आपण तो शब्द नीट लिहायचा, एवढं इथेच मनाशी ठरवून टाका.

परवानग्या

खेकडा बाजारात वाट्याने विकत मिळतो म्हणून अभ्यासासाठी तो कुठूनही उचलावा, असं नाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव जंगलातून नमुना घ्यायचा तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. ती यायला महिने जातात, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास टाका, म्हणजे पावसाळ्यापर्यंत हाती येईल. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारा. गावात सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटून या. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल गावाला शंका येणं साहजिक आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ मधलं कलम ३९ वाचून ठेवा. नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती सरकारने नेमलेल्या भांडार-संस्थेला द्यावी आणि पुराव्याचा नमुना तिथे जमा करावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला असलं तरी पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथल्या अभ्यासकांशी काम सुरू करण्याआधीच बोला. कोणी परदेशी अभ्यासकाने 'नमुना पाठवा' म्हटलं, तरी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी हातात असल्याशिवाय एक पायसुद्धा देशाबाहेर धाडू नका.

ओढ्यावर, कातळावर, ढोलीत

जून ते सप्टेंबर हा हंगाम, आणि वेळ अंधार पडल्यानंतरची. नुसत्या ओढ्यात शोधू नका. जांभ्या कातळातली भोकं, पाणी झिरपणाऱ्या दरडी, मुळांखालचा चिखल, झाडांच्या ढोली, सगळीकडे पाहा. २०१७ मध्ये केरळमधून कानी मरंजंडू नावाचा खेकडा नोंदवला गेला; तो झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहतो, आणि तिथल्या कानी आदिवासींना तो आधीपासून ठाऊक होता. म्हणूनच जातीचं नाव त्यांच्यावरून दिलं गेलं. आपल्याकडे हे ज्ञान कातकरी आणि ठाकर माणसांपाशी आहे. त्यांच्याबरोबर फिरा, त्यांचा वेळ घेताय याचा योग्य मोबदला द्या आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

बिळात हात घालू नका. कातळावर फुरसं असतं, बांधाच्या बिळात मण्यार असू शकते. पातळ काटकी हळूच आत सरकवली की खेकडा तिला नांगीने धरतो. ओढाताण न करता थोडा थोडा बाहेर घ्यायचा. गमबूट घाला. पायाला जखम असेल तर त्या आठवड्यात पाण्यात उतरू नका. कोकणात पावसाळ्यात जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो.

एका ठिकाणाहून किती घ्यावेत? माझं म्हणणं, कमीत कमी घ्या, पण एकच घेऊ नका. तीन-चार पूर्ण वाढलेले नर, एक-दोन माद्या, जमल्यास एखादा अर्धवट वाढलेला. अंडी किंवा पिल्लं असलेली मादी फोटो काढून तिथेच सोडा. खेकडे मोजकेच दिसत असतील तर एक नर घ्या आणि बाकीच्यांसाठी पुढच्या वर्षी या. प्रत्येक खेकडा ओल्या पानांसह वेगळ्या डब्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा. एकत्र ठेवले की ते एकमेकांचे पाय तोडतात.

फोटो जिवंतपणीच काढायचे: वरून, समोरून, पोटाकडून, आणि एक त्याच्या बिळापाशी. अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाहीत. आज नारंगी दिसणारा खेकडा काही महिन्यांत मळकट पिवळा होतो. रंगाची एकमेव नोंद म्हणजे तुमचा हा फोटो.

बाटलीत घालण्याआधी

माझा पहिला नमुना मी जिवंतच अल्कोहोलमध्ये सोडला होता. दोन मिनिटांत त्याचे पाय एकेक करून सांध्यातून गळून पडले. संकट आलं की खेकडा स्वतःच पाय तोडून टाकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते बाटलीत घडेल असं डोक्यात आलं नव्हतं. त्या जिवाला वेदना झाल्या आणि नमुनाही वाया गेला. तेव्हापासून मी ही पायरी कधीच घाईने करत नाही.

खेकडा बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवून त्याची हालचाल पूर्ण थांबू द्या. लवंग तेलाचे थेंब घातलेल्या पाण्यातही तो शांतपणे गुंगीत जातो. मग एका चालण्याच्या पायातून स्नायूचा छोटा तुकडा काढून शुद्ध, निदान पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, तो डीएनएसाठी. पाय पसरून नीट मांडा आणि पूर्ण खेकडा सत्तर ते पंचाहत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घाला. एक-दोन दिवसांनी अल्कोहोल बदला, कारण अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मलिन वापरू नका. त्याने डीएनए खराब होतो आणि कालांतराने कवचातला चुनाही झिजतो.

आता चिठ्ठी. एका महाविद्यालयाच्या संग्रहात मी अशी बाटली पाहिली आहे, की आत खेकडा धडधाकट, मोठा नर, आणि शेजारी निळसर डाग पडलेला कोरा कागद. कोणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं आणि अल्कोहोलने अक्षर न् अक्षर धुऊन नेलं. तो खेकडा कुठल्या डोंगरावरचा हे आता कोणीच सांगू शकत नाही, आणि त्यामुळे त्याचा उपयोगही संपला.

चिठ्ठी पेन्सिलने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने, जाड चिवट कागदावर लिहा आणि ती बाटलीच्या आत ठेवा. बाहेर डकवलेली चिठ्ठी सुटून पडते. 'आंबोली' एवढं लिहून भागत नाही. राज्य, जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका सावंतवाडी, गाव, वाडी, ओढ्याचं स्थानिक नाव. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, पकडणाऱ्याचं नाव. आणि 'ओढ्याच्या डाव्या काठावर, पाण्यापासून दोन मीटरवर, जांभ्याच्या भोकात' अशी एक ओळ. त्याच क्रमांकाने हीच माहिती वहीतही उतरवा, थोडी जास्त तपशिलाने.

टेबलावर

खेकडा खाणाऱ्या घरात नर-मादी ओळखायला शिकवावं लागत नाही. उताणा केला की नराच्या पोटाखालची झडप निमुळती दिसते, मादीची रुंद आणि गोलसर. आपलं मुख्य काम नरावर चालणार आहे, तोही पूर्ण वाढलेल्या.

आधी मापं घ्या. डिजिटल व्हर्निअरने पाठीच्या कवचाची सर्वांत जास्त रुंदी, कपाळापासून (म्हणजे दोन डोळ्यांमधल्या कवचाच्या पुढच्या भागापासून) मागच्या कडेपर्यंत मधोमध लांबी, उंची आणि कपाळाची रुंदी, सगळं मिलिमीटरमध्ये, दशांश एका स्थळापर्यंत. प्रत्येक माप तीनदा घ्या. मग पाठ पाहा. कवच फुगीर आहे की सपाट? डोळ्यांच्या खोबणीमागे आडवा कंगोरा आहे का, तो धारदार आहे की बोथट, मधे तुटतो का? खोबणीच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे दात आहे का, आणि तो ठळक आहे की जेमतेम जाणवणारा? कडा गुळगुळीत की दाणेदार? मग खेकडा समोरून धरा. कपाळाच्या खालच्या बाजूला कंगोऱ्यांचा एक त्रिकोण असतो. तो पूर्ण जुळलेला आहे की बाजूला उघडा, हे महत्त्वाचं लक्षण मानतात.

तोंडापाशी दोन गोष्टी बघायच्या. तोंड झाकणाऱ्या सर्वांत बाहेरच्या जबडपायाच्या बाह्य फांदीला टोकाशी चाबकासारखा धागा आहे की नाही, आणि असला तर केवढा. दुसरी, आतल्या जबड्याच्या स्पर्शिकेचा शेवटचा भाग. तो दोन पाळ्यांचा असेल तर खेकडा गेकार्सिन्युसिडी कुळातला, एकच पाळी असेल तर पोटॅमिडी. सह्याद्रीतले आपले खेकडे पहिल्या कुळातले. दुसरं कुळ भारतात मुख्यतः हिमालय आणि ईशान्येकडे भेटतं.

नांग्यांबाबत सावध राहा. म्हाताऱ्या नराची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी होते, बोटं वाकतात, त्यांच्यामधली फट रुंदावते. वाढत्या वयात पाठही फुगत जाते. लहान-मोठे चार नर शेजारी मांडलेत तर हे चटकन कळतं. एकच नर असला तर वयाचा फरक प्रजातीचा फरक वाटण्याची भीती आहे. नुकतीच कात टाकलेला खेकडा मऊ आणि फिकट असतो, त्याच्या रंगावरून काही ठरवू नका.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिथे येऊ. नराला सूक्ष्मदर्शकाखाली उताणा ठेवा, झडप बारीक चिमट्याने उचलून मागे करा. आत छातीच्या खोबणीत दोन जोड्या सळ्यांच्या दिसतील. बाहेरची जोडी जाड, गुंडाळलेल्या पानासारखी नळीदार. आतली केसासारखी बारीक, जिचं टोक पहिल्या नळीत शिरलेलं असतं. हे गोनोपॉड, म्हणजे नराचे जननपाद. त्यांतला पहिला, जाड गोनोपॉड बहुतेक वेळा प्रजातीचा निकाल लावतो. अंगाने जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन खेकडे इथे साफ वेगळे निघतात, आणि रंगाने परके वाटणारे दोघे इथे एक ठरतात.

काढण्याआधी तो जागेवर असतानाच पाहा: टोक छातीच्या कुठल्या सांध्यापर्यंत पोचतं, ते लिहून घ्या. मग प्रघातानुसार डावीकडचा गोनोपॉड मुळाशी सुई फिरवून अलगद सोडवा. त्यावर दाट केस असतात, ते भाग झाकून टाकतात. मऊ ब्रशने सारा. शेवटचा भाग आधीच्या भागाच्या तुलनेत किती लांब आहे, ते मोजून गुणोत्तर काढा. तो सरळ आहे की बाहेर वळलेला? टोक अणकुचीदार की बोथट? कुठे बारीक होतो, एकदम की हळूहळू? दुसऱ्या, बारीक गोनोपॉडचा टोकाचा भाग लांब दोऱ्यासारखा आहे की आखूड, हेही पाहा. वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी चित्रं काढा. सूक्ष्मदर्शकावर चित्रनळी असेल तर उत्तम, नसेल तर फोटोवर पारदर्शक कागद ठेवून रेघा ओढा. हातानं काढलेल्या चित्राचा आग्रह मी धरतो, कारण रेघ ओढताना डोळ्याला थांबावं लागतं आणि फोटोत निसटलेली कड तिथे सापडते. काम झालं की तो गोनोपॉड इवल्या कुपीत, स्वतःच्या चिठ्ठीसह, त्याच बाटलीत परत ठेवा.

वेगळा आहे, पण नवा आहे का?

आता सुरुवातीची वही उघडा. आधी जात ठरवा, मग त्या जातीतल्या प्रत्येक प्रजातीशी तुमचा नर एकेक लक्षण घेऊन ताडून पाहा. छापील वर्णनावर थांबू नका. जमेल तिथे मूळ नमुने स्वतः बघा. त्यांतले काही कोलकात्यात आणि पुण्यात आहेत. लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टमधल्यांचे फोटो, विशेषतः गोनोपॉडचे, संग्रहालयाला पत्र लिहून मागवता येतात. जुन्या प्रजातीचं मूळ ठिकाण माहीत असेल तर तिथे जाऊन ताजे नर मिळवा. या एका फेरीने वर्षाची चुकामूक वाचते.

तुमच्या चारही नरांत दिसणारी आणि शेजारच्या प्रजातीच्या एकाही नरात न दिसणारी, निदान दोन-तीन लक्षणं हवीत. मोजमापं एकमेकांत मिसळत असतील तर थांबा. दोन्ही ठिकाणांच्या मधल्या ओढ्यांवर जा आणि तिथले खेकडे पाहा. मधे सगळे मधलेच निघाले, तर ती एकच प्रजाती आहे, आणि तसं कबूल करणं हाही चांगला अभ्यास आहे. निव्वळ रंगावर नवी प्रजाती उभी करू नका.

डीएनएसाठी बहुधा १६एस आणि सीओआय हे दोन जनुकीय तुकडे वाचतात आणि ते जेनबँक या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक भांडारात जमा करतात. तो पुरावा भक्कम असतो, पण अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, अशी रेषा कुठेही आखलेली नाही. गोनोपॉड, डीएनए आणि ठिकाण तिन्ही एकच गोष्ट सांगू लागले की निवांत लिहायला बसा.

नाव

आंतरराष्ट्रीय प्राणिनाम संहिता रोमन लिपीत, कुठलीही चिन्हं न वापरता लिहिलेलं नाव मागते. प्रजातीचं नाव विशेषण असेल तर ते जातीच्या लिंगाप्रमाणे चालतं. घाटियाना स्त्रीलिंगी, म्हणून ऑरँटियाका म्हणजे नारंगी, अ‍ॅट्रोपर्प्युरिया म्हणजे गडद जांभळी. मरंजंडूसारखा देशी शब्द नाम म्हणून जसाच्या तसा ठेवता येतो. मल्याळममध्ये त्याचा अर्थच झाडावरचा खेकडा. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव देताना शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'एई' ही रोमन अक्षरं येतात. एखाद्या मोठ्या महिला संशोधकाच्या नावाला पुरुषी प्रत्यय लागला तर ती चूक सगळ्या जगासमोर राहते, म्हणून हे तपासून घ्या. स्वतःचं नाव देऊ नका. संहिता अडवत नाही, पण ते बरं दिसत नाही.

माझी आवड विचाराल तर नाव ठिकाणाचं, रंगाचं किंवा ओढ्याकाठच्या बोलीतलं असावं. ठिकाणाचं देताना मात्र जपून. पुढे तोच खेकडा तीन तालुक्यांत सापडला तर नाव उगाच आखडतं. त्या जातीत ते नाव आधी कोणी वापरलेलं नाही ना, हे झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदणीत, आणि सूचींत शोधा.

लिखाण

क्रम साधारण ठरलेला आहे. जातीचं नाव, मग नवं नाव आणि 'नवी प्रजाती' असे स्पष्ट शब्द. त्यानंतर तपासलेले नमुने: होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला नाव कायमचं बांधलं जातं तो, आणि पॅराटाइप म्हणजे सोबतचे बाकीचे. होलोटाइप पूर्ण वाढलेला, सगळे पाय शाबूत असलेला नर निवडा. प्रत्येकाचा संग्रह-क्रमांक, मापं आणि चिठ्ठीवरची सगळी माहिती द्या. मग निदान, म्हणजे फक्त वेगळेपणा दाखवणारी लक्षणं, नऊ-दहा ओळींत. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण वर्णन, जिवंतपणीचा रंग, नावाचा अर्थ, अधिवास, वितरण, आणि शेवटी जवळच्या प्रजातींशी तुलना. परीक्षक सगळ्यांत आधी ही तुलनाच वाचतात. तिथे 'थोडा वेगळा', 'जरा लांबट' असं चालत नाही. गुणोत्तर लिहा, चित्राचा क्रमांक लिहा.

संहितेच्या चार अटी मोडल्या तर नावच बाद होतं. प्रजाती नवी आहे असं स्पष्ट म्हटलेलं हवं. तिला वेगळी ठरवणारी लक्षणं शब्दांत हवीत. होलोटाइप नेमलेला हवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते लिहिलेलं हवं. आणि नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर शोधनिबंधाची झूबँकमध्ये आधी नोंद करून तो पुरावा आणि प्रकाशनाची तारीख निबंधातच छापलेली हवी. त्याआधी वर्तमानपत्राला नाव सांगू नका. छापील बातमीतून नाव फुटलं की पुढे वाद होतात.

झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ क्रस्टेशियन बायॉलॉजी, सिंगापूरचं रॅफल्स बुलेटिन आणि आपल्या प्राणी सर्वेक्षणाचं रेकॉर्ड्स, अशी नियतकालिकं हे काम छापतात. पैसे भरा आणि आठवड्यात छापून देतो, असं सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. परीक्षकांकडून लालेलाल झालेला मसुदा परत येईल. कधी 'आणखी नर तपासा' म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल. थांबा. संहितेत प्राधान्य पहिल्या वैध नावाला आहे आणि एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही. आज दोन महिने वाचवायला केलेली घाई निस्तरत पुढच्या कोणाला तरी पन्नास वर्षं घालवावी लागतील.

रंगीत खेकड्यांना पाळीव प्राण्यांच्या बाजारात मागणी असते. तुमचा खेकडा एकाच छोट्या कातळावर राहत असेल तर निबंधात गावापर्यंतचं ठिकाण द्या आणि बिळापर्यंतचे अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदीत ठेवा. हे करताना संपादकांना कारण कळवा.

छापून आल्यावर

सगळे नमुने ठरलेल्या क्रमांकांनी संग्रहात गेले आहेत का, स्वतः जाऊन बघा. पावती घ्या. मग निबंधाची प्रत आणि खेकड्याचा मोठा रंगीत फोटो घेऊन गावात जा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. त्या वहीत हा खेकडा लिहून घ्यायला सांगा, ओढ्याच्या नावासकट. शास्त्रीय नाव तुम्ही भरा. स्थानिक नावाचा रकाना मात्र मोकळा सोडा आणि ज्याने पहिल्या रात्री काटकी घालून तो खेकडा बाहेर काढून दिला, त्याला बोलावून त्याच्याकडून भरून घ्या.